अक्काने जाऊ दिलेला सूर्य

शोभाअक्का गेल्याचं कळलं तेव्हा मी कॉम्प्युटरवर एका नवरीची नथ उजळ करत बसले होते. चोपड्याच्या एका स्टुडिओचा अल्बम होता, संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. फोन धुळ्याहून, अक्काच्या वहिनींचा. वहिनी एरवी फोनवर गल्लीभर ऐकू जाईल असं बोलतात. त्या दिवशी हळू बोलल्या. "भारती, शोभाताई गयी वं... सकायमा." मी नुसतं "बरं" म्हटलं. बरं कसलं... फोन ठेवला आणि ती नथ पुरी केली. मग उठून दारात जाऊन उभी राहिले. इथे कोइम्बतूरला आमच्या चाळीत मराठी घर आमचं एकच, आणि आमचे हे सूतगिरणीत, दिवसपाळीला. शेजारची बाई माझं तोंड बघून काहीतरी विचारू लागली. मला तमिळ येतं ते भाजीपुरतं आणि पाण्यापुरतं. माणूस गेलं, याला काय म्हणतात ते मला कोणी शिकवलेलं नाही. मी हात वर करून आभाळ दाखवलं. तिला वाटलं, वरच्या टाकीतलं पाणी संपलं. ती बिचारी लगबगीने मोटर चालू करायला गेली.

मी जाऊ शकले नाही. इथून धुळ्याला पोचायला दोन दिवस लागतात, तोवर सगळं आटोपलेलं असणार. शिवाय श्रावणात मी जाऊन आले होते. यांची मनधरणी, मुलीला शेजारी ठेवणं, कामं पुढे ढकलणं, सगळं एकदा करून झालं होतं. त्या श्रावणातल्या एका सकाळबद्दलच मला लिहायचं आहे. मी आठवीपर्यंत शिकलेली बाई. लिहायला बसले की अजून वाटतं, मागून येऊन कोणी कान धरील. पण अक्काबद्दल कोणी लिहिलंच नाही तर तिचं काय उरतं? लोकांच्या लग्नांचे फोटो उरतात, आणि त्यांत ती कुठेच नाही.

माझं गाव नशिराबाद. आईच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा शाळा सुटली ती सुटलीच. पुढे बऱ्याच वर्षांनी जळगावात एका फोटो लॅबमध्ये कामाला लागले. फोटो कापायचे, अल्बममध्ये चिकटवायचे. लग्नाचं वय निघून चाललेलं, घरात रोज तोच विषय. तेव्हा मला सगळ्याचीच भीती वाटायची. फोटो तिरका कापला जाईल, मालक ओरडेल, आई घरी एकटीच आहे, ती पडेल... अक्का धुळ्याहून एस.टी.ने यायची, पंजाबी ड्रेस, पायात पुरुषी चपला, खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी. आमच्याकडे लग्नाचे फोटो काढणारी बाई तेव्हा दुसरी नव्हती. एकदा ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. मी नवरीच्या फोटोची कड कापत होते, कडेला कोणाचा तरी सुरकुतलेला हात आला होता. "तो हात कोना शे?" तिने विचारलं. मी म्हटलं, "माहीत नाही. मधे येतोय म्हणून काढते." अक्का म्हणाली, "नवरीनी आजी शे ती. आख्खी आजी नही उनी फोटोमा, हात तरी ऱ्हाऊ दे." मी कात्री खाली ठेवली. त्या दिवसापासून मी तिची झाले, असंच म्हणते मी.

लॅबमधली चिकटवायची कामं संपत आली, सगळं कॉम्प्युटरवर जायला लागलं, तेव्हा मला वाटलं आता आपलं काही खरं नाही. अक्काने मला धुळ्याला बोलावून घेतलं, स्वतःच्या घरी ठेवून घेतलं आणि अल्बम कॉम्प्युटरवर कसा मांडायचा ते शिकवलं. इंग्रजी शब्द वाचता येत नव्हते तर म्हणाली, "वाचू नको, कोठे शे ते ध्यानात ठेव. घरमा मिठाना डबा वाचीसन काढस का?" आज हजार मैलांवर बसून मी खान्देशातल्या लग्नांचे अल्बम करते, माझ्या मुलीच्या शाळेची सोय त्यातून होते, हे सगळं त्या एका खोलीत शिकले. लग्न ठरल्यावर इतक्या लांब कशी राहू म्हणून मी तिच्यापाशीच रडले होते. तिने समजूत घातली नाही. मोबाईलवर कोइम्बतूरचा नकाशा उघडला, आमची गल्ली शोधली आणि म्हणाली, "दख, तुना घरना मोऱ्हे सूर्य उगस. भ्याऊ नको." घरासमोर सूर्य उगवतो, एवढंच तिने बघितलं. आणि खरं सांगते, मला तेवढ्याने धीर आला.

कारण अक्काला रस्ता दिसला की आधी तो कुठे बघतो ते दिसायचं. कुठल्या दिवशी सूर्य या रस्त्याच्या बरोबर टोकाला येईल, कुठल्या पौर्णिमेला चंद्र त्या दोन इमारतींच्या मधून वर निघेल, याचं तिला वेड होतं. त्याचे फोटो कोणी विकत घेत नव्हतं. लग्नाचा हंगाम संपला की ती याच्या मागे असायची. एकदा जळगावात तिने मला पौर्णिमेच्या संध्याकाळी गाठलं आणि रस्त्याच्या दुभाजकावर नेऊन उभं केलं. तिवई लावली, मोठी लेन्स चढवली. दिवेलागणीची गर्दी, रिक्षांचे हॉर्न, आणि आम्ही दोघी पूर्वेकडे तोंड करून उभ्या. केळीची गाडी लावणारा एक जण बराच वेळ बघत होता. शेवटी राहवेना त्याला. "काय ताई, विमान येणारे का?" अक्का म्हणाली, "चांद येणार आहे." "चांद?" तो म्हणाला, "तो तर फुकट रोज येतो. त्याला काय स्टेशनवर घ्यायला जावं लागतं का?" आजूबाजूचे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्का म्हणाली, "भाऊ, आज तो तुझ्या गाडीच्या बरोबर डोक्यावर येणार आहे. केस विंचरून घे." त्यावर तर सगळा रस्ता हसला, आणि त्या माणसाने खरंच केसांवरून हात फिरवला.

चंद्र आला, पण चुकीच्या जागी आला. फोनने सांगितलेली वेळ उलटून गेली, रस्त्याचं टोक काळंच. मग एकदम उजवीकडे एका दवाखान्याच्या पाटीमागून अर्धा चंद्र डोकावला. केळीवाला म्हणाला, "ताई, तो ॲडमिट झाला." अक्का मात्र पाटीकडे बघत बोटांवर काहीतरी मोजत होती. परत जाताना एस.टी. स्टँडवर तिने मला समजावून सांगितलं. फोन सांगतो ती वेळ मोकळ्या मैदानावरच्या उगवण्याची. शहरात मधे घरं असतात. घरांच्या वर येईपर्यंत चंद्र काय आणि सूर्य काय, उजवीकडे सरकत जातो. म्हणून जो दिवस फोन सांगतो तो दिवस धरायचाच नाही, छपरावर येईल तेव्हा मधोमध असेल असा दिवस शोधायचा. मला निम्मं कळलं. एवढं कळलं की ही बाई कुठल्या तरी एका फोटोची तालीम करते आहे.

तो एक फोटो म्हणजे कानबाईचा. खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगते, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला नाक-डोळे, नथ, साडी... घरात रात्रभर गाणी. सोमवारी सकाळी डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर बोळवायची. धुळ्याच्या जुन्या गावात लांब गल्ल्या दोरीने आखल्यासारख्या सरळ आहेत, पण त्या उत्तरेला पांझरेकडे जातात, त्यांत सूर्य कधी उगवायचा नाही. अक्काचं घर होतं आडव्या रस्त्याच्या पूर्वेच्या टोकाला. तिच्या घरची कानबाई निघाली की या आडव्या रस्त्याने पश्चिमेकडे चालत यायची आणि मग नदीकडे वळायची. म्हणजे पश्चिमेच्या टोकाला उभं राहिलं तर कानबाई समोरून येणार आणि तिच्या मागे सूर्य. अक्काने हे एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं, रिळाचा कॅमेरा होता तेव्हा. तिची आई कानबाई डोक्यावर घेऊन येत होती आणि सूर्य बरोबर मागे, आईच्या डोक्याइतका मोठा. "मी डोळाले कॅमेरा लावा, बटन दाबं... रोल सरी गयथा," अक्का सांगायची. रोल संपला होता. आदल्या रात्री सगळ्या बायांनी हौसेने एकेकीचे फोटो काढून घेतले होते आणि हिने कोणाला नाही म्हटलं नव्हतं. पुढल्या श्रावणाच्या आत आई गेली.

तेव्हापासून ती त्या सकाळच्या मागे होती. अडचण अशी की सूर्य इंग्रजी तारखेने चालतो आणि कानबाई तिथीने. सूर्य त्या रस्त्यात वर्षातून दोनदाच येतो, एकदा एप्रिल सरताना आणि एकदा ऑगस्टात, आणि दोन-तीन दिवसांत निघून जातो. कानबाई कधी जुलैत, कधी ऑगस्ट सरता सरता. दोघांची गाठ बऱ्याच वर्षांतून एकदा पडायची. मधे एकदा पडली तेव्हा आभाळ असं भरून आलं होतं की सकाळी दिवे लावावे लागले. दरवर्षी एप्रिलमध्ये मात्र ती त्या रस्त्यात जाऊन सूर्याचा फोटो काढायची, जागा बरोबर आहे ना ते बघायला. बंद पडलेली एक पिठाची गिरणी आहे त्या टोकाला, तिच्या ओट्यावर, वरच्या पायरीवर, जरा डाव्या अंगाला. इकडे-तिकडे एक हात सरकलं की विजेचा खांब मधे येतो.

यंदा गाठ होती. आणि यंदाच अक्काच्या पोटातलं दुखणं निघालं. नाशिकला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी आप्पांना, तिच्या थोरल्या भावाला, बाजूला घेऊन सांगितलं. मला फोनवर तिनेच सांगितलं, आणि त्याच दमात म्हणाली, "कानबाईले ये. माले तिवई उचलावत नही." मी यांना कसं मनवलं ते मलाच माहीत. गाडीत दोन दिवस मला एकच भीती, मी पोचेपर्यंत ती राहील ना. मग भुसावळ आलं, आणि दुसरी भीती सुरू झाली. खिडकीतून बाहेर नुसता पाऊस दिसत होता.

घरात शिरले तर अक्का खाटेवर, एवढीशी झालेली. पण तिचा सगळा कारभार चालू. बायांना ती सांगत होती की सोमवारी कानबाई लवकर उचला, सूर्य छपरावर आला की रस्त्यात पाहिजे. वहिनी कणीक मळता मळता म्हणाल्या, "कानबाईले काय एस.टी. धरनी शे का वं शोभाताई?" दुसरी म्हणाली, "फोटोवालीनं घर, देवबी फोटोना टायमवर!" हसत सगळ्या तयार झाल्या. नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती, तिच्याकडे बघून.

पण घरात आणखी एक गोष्ट चालली होती, ती मला हळूहळू कळली. अक्काचा धाकटा भाऊ बाळूभाऊ जळगावला राहतो. घराच्या वाटणीवरून भांडण झालं, आणि त्याने तिकडे आपली कानबाई वेगळी मांडली. आमच्याकडे याहून मोठं तुटणं नाही. कानबाईच्या रोटांना घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, आणि ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. बाळूभाऊचं येणं बंद झाल्यावरही अक्का दरवर्षी त्याच्या नावाची मूठ घ्यायची. आप्पा रागावायचे, ही घ्यायची. यंदा तिने त्याला फोन केला. फोटोचं काही बोलली नाही, आजाराचंही नाही. "तुना नावना गहू घेयेल शेतस, खावाले ये," एवढंच. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. रविवारी कानबाई बसली, खीर झाली, गंगाफळाची भाजी झाली, गाणी सुरू झाली, बाळूभाऊ नाही. अक्का दर थोड्या वेळाने दाराकडे बघत होती. शेवटी त्याचा निरोप आला, पहाटे निघतो, कानबाई उचलायला येतो.

सोमवारी पहाटे मी बाहेर येऊन वर बघितलं आणि मला हुंदकाच आला. आभाळ धुतल्यासारखं मोकळं. श्रावणात अशी सकाळ... आप्पांनी अक्काला रिक्षात बसवून गिरणीपाशी सोडलं, खुर्ची उतरवून दिली, अंगावर शाल दिली आणि ते घरी परतले. ओट्यावर खुर्ची मी मांडली, तिवई मी लावली, कॅमेरा मी चढवला, पण खांब कसा टाळायचा, कॅमेरा किती वाकवायचा, ते सगळं ती खुर्चीतून सांगत होती. तिचा आवाज त्या वेळी आजारी माणसाचा नव्हता. रस्त्याच्या त्या टोकाला पत्र्याच्या बैठ्या घरांची रांग आहे, त्या पत्र्यांच्या मागे आभाळ तांबडं होत चाललं होतं. तिकडे घरी फोन लावलेला, माझ्या हातात. ढोल ऐकू येत होता, बाया गात होत्या.

"सांग, उचला म्हणा," अक्का म्हणाली. मी फोनमध्ये सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "उचलतस. बठ्ठा उनात, बाळूच नही उना. काय करानं?" सगळे आले, बाळूच आला नाही, हे मी अक्काला सांगितलं. सांगायला नको होतं असं आता हजारदा वाटतं, पण न सांगून कसं चाललं असतं... अक्काने डोळा कॅमेऱ्याला लावलेला होता. तो तिने काढला. "नही उना?" तिने विचारलं. मी म्हटलं, "येईल ना अक्का. तोवर निघू दे त्यांना, तो वाटेत गाठेल." तेवढ्यात पत्र्याच्या कडेवर एक ठिणगी दिसली, मग ती पसरली, आणि सूर्य वर आला. बरोबर मधोमध. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांनी तो दोन हातांत धरल्यासारखा. इतक्या वर्षांचा हिशेब एका केसानेही चुकला नव्हता.

"थांबा म्हण त्यासले," अक्का म्हणाली. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "अक्का, सूर्य आला..." "मी सांगस ना, थांबा म्हण. बाळूले येऊ द्या. त्याना शिवाय कानबाई हालाव नही." मी फोन कानाला लावून उभी राहिले. तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि स्वतः सांगितलं. पलीकडे ढोल थांबला. एवढ्या लांबूनही तो थांबलेला मला ऐकू आला. मग मी रडायलाच लागले. म्हटलं, "अक्का, पाच मिनिटं आहेत फक्त. तो भाऊ तुझा इतक्या वर्षांत आला नाही, आज पण येईल कशावरून? तू कोणासाठी..." ती म्हणाली, "सूर्य परत यी. बाळू आज दारवरथीन परत गया ते मंग कवयच येवाव नही." सूर्य परत येईल, बाळू आज दारावरून परत गेला तर मग कधीच यायचा नाही, म्हणाली. तिच्यासाठी सूर्यही परत येणार नव्हता. मला माहीत होतं, तिला माझ्याहून जास्त माहीत होतं.

मी हात जोडले. म्हटलं, रिकाम्या रस्त्याचा तरी काढ. ती म्हणाली, रिकाम्या रस्त्याचे आपल्याकडे दर एप्रिलचे आहेत. मग आम्ही दोघी नुसत्या बघत बसलो. एक दूधवाला सायकलवरून त्या सूर्यातून आला आणि घंटी वाजवत आमच्या समोरून गेला, त्याला काही पत्ता नाही. सूर्य पत्र्यांवरून सुटला, उजवीकडच्या घराच्या गच्चीला टेकला, त्या घराच्या पाण्याच्या टाकीमागे गेला... अक्का म्हणाली, "चाल, घर चाल. बाळू ई ऱ्हायना असी, दारमा कोनी पाहिजे." मी तिवई मिटली. रिक्षा थांबवून तिला घरी नेलं. तिने कॅमेऱ्याकडे मागे वळून पाहिलं नाही.

बाळूभाऊ आला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. बायकोला आणि मुलाला घेऊन आला होता. एरंडोलजवळ ट्रक आडवा झाला होता, म्हणाला. अक्का दारात खुर्चीवर बसली होती. तो खाली वाकला तशी तिने त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला. "कितला वाळायना रे. बायको खावाले देस नही का?" त्याची बायको हसता हसता रडायला लागली. अक्काकडे नीट बघितल्यावर बाळूभाऊ तिथेच उंबऱ्यावर बसला. तिच्या दुखण्याचं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मग कानबाई उठली, ढोल वाजला, बाया नाचल्या, बाळूभाऊनेच कानबाईचा पाट डोक्यावर घेतला. मी अक्काला धरून दारात उभी होते. त्या मिरवणुकीचा एकही फोटो मी काढला नाही. कॅमेरा पिशवीत होता, आणि मला सुचलंच नाही, की सुचावं असं वाटलं नाही, कोण जाणे. लोकांच्या मोबाईलमध्ये काहीबाही असेल. अक्काने त्या दिवशी अर्धा रोट खाल्ला, बाळूभाऊच्या ताटातला.

मी परत आले. पितृपक्षात ती गेली.

लोक मला म्हणतील, भाऊ भेटला ना, मग फोटोचं काय घेऊन बसलीस. माझ्या मनाला ते पटवून द्यायचा मी फार प्रयत्न केला. पटत नाही. एका बाईने आयुष्यात स्वतःसाठी एक गोष्ट मागितली होती, ती समोर येऊन उभी राहिली आणि तिने ती हातातून सोडली. इथे रात्री झोप लागत नाही तेव्हा मला तो ढोल थांबलेला ऐकू येतो.

अक्काचं दहावं झाल्यावर बाळूभाऊचा फोन आला. मी त्याच्याशी आयुष्यात चार वाक्यं बोलले असेन. "भारतीताई, वहिनीने सांगितलं मला," तो म्हणाला. जळगावला राहून त्याची बोली शहरी झाली आहे. "त्या सकाळचं. तुम्ही दोघी तिकडे बसल्या होत्या ते. मला माहीत नव्हतं हो." मग तो म्हणाला, "ट्रक वगैरे काही नव्हता. मी अंधारातच पारोळ्याला पोचलो होतो. तिथे टपरीवर चहा प्यायला थांबलो आणि पाय उचलेना. आप्पा काय बोलतील, लोक काय म्हणतील, दार उघडतील का... चहावर चहा घेत बसलो. बायको म्हणत होती चला, चला." तो रडत होता. मला इतका राग आला, इतका राग आला की मी फोन कट केला. ट्रक असता तर मी त्याला माफ केलं असतं. नंतर भांडी घासताना माझ्या लक्षात आलं, दार उघडतील का या भीतीने उंबऱ्यापासून परत फिरलेली माणसं मी काही कमी पाहिलेली नाहीत. मी स्वतः लॅबच्या दारातून पहिल्या दिवशी दोनदा परत गेले होते. हे लक्षात आलं तरी राग गेला नाही.

दुसऱ्या दिवशीपासून त्याचे फोटो यायला लागले. तो सध्या धुळ्यातच राहतो आहे, अक्काच्या खोलीत. रोज उजाडताना तो त्या आडव्या रस्त्यात जातो आणि मोबाईलवर फोटो काढून मला पाठवतो. खाली लिहितो, "इथूनच का?" कधी रस्त्याच्या मधोमध उभा असतो, कधी डेरीच्या पायरीवर. त्याला माहीत नाही अक्का कुठे बसली होती, तो आला तेव्हा आम्ही तिथून उठलो होतो. आप्पांना विचारलं तर ते म्हणाले असतील गिरणीपाशी, पण गिरणीपाशी म्हणजे कुठे, ते त्यांनाही माहीत नाही. सूर्य तर केव्हाच त्या रस्त्यातून निघून उजवीकडच्या घरांच्या मागे गेला आहे. एकदा त्याने विचारलं, "ताई, सूर्य दिसतच नाही. माझं काय चुकतंय?" मी उत्तर दिलं नाही. मी त्याच्या एकाही फोटोला उत्तर दिलं नव्हतं. उघडून मात्र बघत होते, गॅस पेटवायच्या आधी. त्या रस्त्यात दूधवाला दिसतो, झाडणारी बाई दिसते, पाऊस सुकलेला दिसतो. मला वाटायचं, न सांगता राहिले तर ती जागा माझी आणि अक्काची राहील. तेवढंच माझ्या हातात होतं.

काल सकाळी फोटो आला नाही. मी चहा ठेवला, मुलीचा डबा केला, परत परत फोन बघितला. आभाळ असेल, झोप लागली असेल, कंटाळला असेल. जीव असा घाबरा झाला की माझं मलाच नवल वाटलं. उन्हं वर आल्यावर फोटो आला. रस्त्याचाच, विजेचा खांब अगदी मधोमध. खाली लिहिलं होतं, "उठायला उशीर झाला. अजून काढत जाऊ का?" मग एकेक अक्षर जुळवत लिहिलं. गिरणीच्या ओट्यावर, वरची पायरी, जरा डाव्या अंगाला. खांब दिसला तर अजून एक हात सरका. सूर्य आता नाही दिसायचा, तुमचं काही चुकत नाही, तो एप्रिल सरताना येईल.

आज उजाडताना फोटो आला. खांब नाही. रस्ता सरळ त्या टोकाच्या पत्र्यांपर्यंत गेलेला, डावीकडच्या भिंतींना वरवर ऊन लागलेलं, आणि मधली जागा रिकामी. खाली त्याने नेहमीसारखं विचारलं होतं, "इथूनच का?"

मी लिहिलं, हो, भाऊ.